गरोदरपणातला लिस्टेरिया: फ्रिजपासून ब्लड कल्चरपर्यंत काय करायचं

अन्नातून विषबाधा म्हटलं की उलट्या-जुलाब आठवतात, आणि गरोदर बाईला ते सुरू झाले की घरातले सगळे लगेच सावध होतात. पण अन्नातून येणाऱ्या ज्या जंतूचा गर्भाला सर्वांत जास्त धोका, तो पुष्कळदा पोट बिघडवतच नाही. दोन दिवस कणकण, अंगदुखी, जरा पाठ धरलेली, एवढंच. "साथ चालू आहे, मलाही लागली असेल," असं म्हणून बाई ते अंगावर काढते, ताप आपोआप उतरतोही. आणि काही दिवसांनी अचानक कळा सुरू होतात किंवा बाळाची हालचाल थांबते.

हा जंतू म्हणजे लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस. 1926 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी तो प्रयोगशाळेतल्या आजारी सशांमध्ये आणि गिनीपिगमध्ये पाहिला. माणसांत तो अन्नातून पसरतो, हे मात्र 1981 च्या कॅनडातल्या साथीपर्यंत नीट सिद्ध झालेलं नव्हतं. त्या साथीचं मूळ सापडलं कोबीच्या तयार सॅलडमध्ये. कोबीच्या शेताला लिस्टेरियाने आजारी पडलेल्या मेंढ्यांचं खत घातलेलं होतं, आणि तोडलेला कोबी हिवाळाभर थंड कोठारात पडून होता. त्या साथीतल्या 41 रुग्णांपैकी 34 गरोदर स्त्रिया आणि नवजात बाळं यांच्याशी संबंधित होते.

घाबरण्याआधी प्रमाण लक्षात घ्या. हा आजार दुर्मिळ आहे. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांचं कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष हे असतं, ताटातलं अन्न नव्हे. तेव्हा गर्भपात झालेल्या प्रत्येकीने "मी त्या दिवशी काय खाल्लं" हे उगाळत बसू नये. पण लिस्टेरियाचा संसर्ग खरोखर झाला, तर परिणाम गंभीर असतात. फ्रान्समध्ये 107 गरोदर रुग्णांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास चौघींपैकी एकीचा गर्भ गेला, आणि ऐंशी टक्क्यांहून जास्त जणींना गर्भाच्या किंवा नवजात बाळाच्या गंभीर गुंतागुंतींना तोंड द्यावं लागलं. त्यांतली एकही आई मात्र दगावली नाही. आईला किरकोळ आणि बाळाला जीवघेणा, असा हा विषम आजार आहे, आणि म्हणूनच तो हातून निसटतो.

तो बाळापर्यंत पोचतो कसा

एवढी यंत्रणा समजली की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. जंतू अन्नाबरोबर आतड्यात जातो, तिथल्या पेशींमध्ये शिरतो आणि रक्तात उतरतो. निरोगी माणसाची प्रतिकारशक्ती त्याला बहुधा तिथेच आवरते. गरोदरपणात शरीर बाळाला परकं समजून त्याच्यावर हल्ला करू नये, म्हणून पेशींच्या पातळीवरची ही प्रतिकारशक्ती थोडी नमती घेते. लिस्टेरियाला नेमकं तेच फावतं, कारण तो पेशींच्या आत लपून वाढणारा जंतू आहे. गरोदर स्त्रीला हा आजार होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दहापट मानली जाते ती यामुळे.

या जंतूच्या पृष्ठभागावर अशी प्रथिनं असतात, की त्यांच्या आधाराने तो आतड्याच्या पेशींना चिकटतो आणि वारेच्या (प्लासेंटाच्या) पेशींनाही. एकदा पेशीत शिरला की तो पेशीतलंच प्रथिन वापरून स्वतःमागे शेपटीसारखा रेटा तयार करतो आणि थेट शेजारच्या पेशीत घुसतो. या प्रवासात तो पेशींबाहेर येतच नाही, त्यामुळे प्रतिपिंडांच्या हाती लागत नाही. वारेत पुवाचे बारीक ठिपके तयार होतात, तिथून संसर्ग बाळाच्या रक्तात आणि गर्भजलात जातो. आईचा ताप उतरला तरी वारेतलं हे काम चालूच राहू शकतं.

दुसरी अडचण वेळेची आहे. जंतू पोटात गेल्यापासून त्रास दिसेपर्यंत गरोदर स्त्रियांमध्ये बरेचदा तीन-चार आठवडे जातात, क्वचित दोन महिनेही. म्हणून "काल बाहेर काही खाल्लं नव्हतं" या उत्तराला काही अर्थ उरत नाही.

पायरी पहिली: फ्रिजवरचा विश्वास कमी करा

बहुतेक जंतूंची वाढ फ्रिजमध्ये जवळजवळ थांबते. लिस्टेरियाची थांबत नाही. शून्य अंश सेल्सियसच्या आसपासही तो सावकाश वाढत राहतो, मीठही बरंच सहन करतो, आणि फ्रीझरमध्ये तर मरत नाहीच, नुसता गप्प बसतो. अन्नाला वास येत नाही, चव बदलत नाही, बुरशी दिसत नाही. वास घेऊन अन्न पारखायची सवय इथे कामाची नाही.

फ्रिजचं तापमान 4 अंश सेल्सियस किंवा त्याखाली हवं, फ्रीझरचं उणे 18. फ्रिजवरचा 1 ते 5 आकड्यांचा खटका तापमान सांगत नाही, तो फक्त थंडावा कमी-जास्त करतो. त्यामुळे साधा फ्रिज थर्मामीटर आणा. एक पेला पाणी मधल्या कप्प्यात ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी दार उघडल्या उघडल्या पहिला आकडा वाचा. 6 किंवा 7 दिसले तर खटका एक घर पुढे सरकवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. दारातले कप्पे सर्वांत उबदार असतात, म्हणून दूध आणि तयार खाद्यपदार्थ दारात नकोत. फ्रिज ठासून भरला तर थंड हवा फिरत नाही, हेही बघा.

कच्चं मांस आणि मासे झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा. त्यांचं पाणी वरून खाली गळलं की खालचं सगळं अन्न बाधित होतं. काही सांडलं तर तेव्हाच पुसा. कप्प्यांच्या खाचा आणि दाराचं रबर महिन्यातून एकदा साबणाच्या गरम पाण्याने धुऊन कोरडं करा. ओलाव्यात हा जंतू चिकट थर करून तग धरतो.

शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासात. मोठं पातेलं तसंच आत ढकलू नका, ते मधून तासन्‌तास कोमट राहतं; उथळ भांड्यांत वाटून ठेवा. उरलेलं अन्न खाताना नुसतं कोमट करणं पुरेसं नाही, सगळीकडून वाफ आली पाहिजे, म्हणजे आतपर्यंत सुमारे 74 अंश. मायक्रोवेव्हमध्ये कडा उकळतात आणि मध्य गार राहतो, म्हणून मध्येच थांबून ढवळा आणि पुन्हा गरम करा.

पायरी दुसरी: काय टाळायचं आणि काय फक्त गरम करायचं

गरोदरपणात निषिद्ध पदार्थांच्या लांबलचक याद्या फिरत असतात, आणि त्यांतल्या निम्म्या गोष्टींना काही आधार नसतो. लिस्टेरियापुरता एकच प्रश्न विचारा: हा पदार्थ ताटात येण्याच्या अगदी आधी वाफाळेपर्यंत गरम झाला आहे का? उत्तर "हो" असेल तर चिंता जवळपास संपली. "नाही" असेल, पदार्थ ओलसर असेल आणि बरेच दिवस गारव्यात ठेवलेला असेल, तर सावध व्हा.

कच्चं, न तापवलेलं दूध आणि त्याचे पदार्थ पूर्ण बंद. मऊ, ओलसर चीजमधून झालेल्या साथी कुप्रसिद्ध आहेत. 1985 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात मेक्सिकन पद्धतीच्या मऊ चीजमुळे 142 जण आजारी पडले, त्यांपैकी 93 प्रकरणं गरोदर स्त्रिया आणि नवजात बाळांची होती. पाश्चरीकरण केलेल्या दुधाचं मऊ चीजही नंतरच्या हाताळणीत बाधित होऊ शकतं, म्हणून तेही शिजवूनच खावं असं मला वाटतं. कोरडं, कडक चीज मात्र बरंच सुरक्षित असतं.

मांसाचे तयार काप, सॉसेज आणि फ्रिजमध्ये ठेवलेला धुरावलेला मासा यांना थंड खाऊ नका, वाफाळू द्या. दक्षिण आफ्रिकेत 2017-18 मध्ये या आजाराची आजवरची नोंदलेली सर्वांत मोठी साथ आली, हजारहून जास्त रुग्ण झाले. तिचं मूळ होतं पोलोनी नावाचं तयार मांस, लोक जे तसंच कापून खात. रुग्णांत नवजात बाळांचा वाटा फार मोठा होता. डबाबंद मांस-मासे हवाबंद करून उष्णतेने निर्जंतुक केलेले असतात, त्यांना ही भीती नाही. डबा उघडल्यावर मात्र ते साध्या अन्नासारखेच.

शाकाहारी असलात म्हणून सुटका नाही. कच्ची मोड आलेली कडधान्यं धुऊन स्वच्छ होत नाहीत, कारण जंतू बियांच्या भेगांत असतात आणि मोड आणायची ऊब-ओल त्यांनाही मानवते. ती शिजवून खा. आयती चिरलेली फळं आणि तयार सॅलड टाळा. खरबुजासारख्या खरबरीत सालीच्या फळात गंमत अशी, की साल आपण खात नाही म्हणून धुतही नाही, आणि सुरी सालीवरचे जंतू गरात घेऊन जाते. अमेरिकेत 2011 मध्ये खरबुजांतूनच मोठी साथ पसरली होती. वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासा, कोरडं पुसा, मग कापा, आणि कापलेलं त्याच दिवशी संपवा. गोठवलेल्या भाज्या आणि मक्याचे दाणे शिजवूनच खायचे असतात. पाकीट उघडून थेट सॅलडमध्ये टाकायचे नाहीत.

लिस्टेरियाखेरीज दुसरे जंतूही आहेत. ब्रुसेला कच्च्या दुधातून आणि व्यालेल्या किंवा गाभडलेल्या जनावराची वार हाताळण्यातून येतो आणि त्याने गर्भपात होऊ शकतो. सुरुवातीच्या तपासणीतच घरी गुरं असल्याचं डॉक्टरांना सांगा. साल्मोनेला, त्यात टायफॉइडही आला, आणि कॅम्पिलोबॅक्टर यांचा संसर्ग रक्तात पसरला तर गर्भ जाऊ शकतो. या सगळ्यांवर घरातला उपाय एकच: दूध तापवा, अंडी-मांस पूर्ण शिजवा, हात धुवा.

पायरी तिसरी: बाधित पदार्थ खाल्ल्याचं कळलं तर

एखादा पदार्थ बाजारातून परत मागवल्याची बातमी येते आणि तुम्ही तो गेल्या आठवड्यात खाल्लेला असतो. काहीच त्रास नसेल तर ना तपासणी लागते, ना औषध. बाधित पदार्थ खाल्लेल्यांपैकी बहुतेकांना काहीही होत नाही. खाल्ल्याची तारीख आणि पाकिटावरचा बॅच क्रमांक लिहून ठेवा, डॉक्टरांना कळवा आणि पुढचे दोन महिने तापावर लक्ष ठेवा. ताप नाही पण मळमळ, जुलाब किंवा अंगदुखी आहे, तर डॉक्टर तपासून ठरवतील. ताप आला, तर पुढची पायरी लगेच.

पायरी चौथी: ताप आला त्या दिवशी

माझ्या मते या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. खाण्यापिण्याची सावधगिरी सगळे सांगतात, तापाबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

गोळी घेण्याआधी ताप मोजा आणि वेळेसह लिहा. पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही, ताप अंगावर ठेवणंही बाळाला चांगलं नाही. पण गोळीने आकडा खाली आला म्हणून आजार गेला असं होत नाही, आणि न लिहिलेला आकडा दवाखान्यात कोणी धरत नाही. 38 अंश सेल्सियस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल आणि कारण स्पष्ट नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तापासोबत कळा, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, मान आखडणं, प्रचंड डोकेदुखी किंवा गोंधळल्यासारखं होणं यांपैकी काही असेल, तर रात्र असली तरी थेट रुग्णालयात जा.

घरी उरलेली कसलीही अँटिबायोटिक्स घेऊ नका. एक तर तपासणीत जंतू सापडेनासा होतो. आणि दुसरं, गरोदरपणात लघवीच्या किंवा घशाच्या संसर्गासाठी सर्रास दिली जाणारी सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं लिस्टेरियावर चालतच नाहीत. या जंतूवर त्यांचा मुळातच परिणाम होत नाही. म्हणजे बाई औषध घेतेय, घरचे निश्चिंत आहेत आणि जंतू वारेत वाढतोय, असं होऊ शकतं.

डॉक्टरांकडे मोघम बोलू नका. असं म्हणा: "मला सव्विसावा आठवडा चालू आहे. काल रात्रीपासून 101 ताप आहे, खोकला नाही, लघवीला जळजळ नाही. तीन आठवड्यांपूर्वी मी थंड मांसाचे काप खाल्ले होते. लिस्टेरियासाठी ब्लड कल्चर करायचं का?" (ब्लड कल्चर म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायची तपासणी.) आठवडा, ताप, काय नाही, काय खाल्लं आणि प्रश्न, एवढं एका दमात सांगितलं की समोरच्यालाही नीट विचार करता येतो.

पायरी पाचवी: रुग्णालयात

निदानाची खरी तपासणी ब्लड कल्चर. शौचाच्या तपासणीतून काही कळत नाही, कारण हा जंतू निरोगी माणसांच्या शौचातही अधूनमधून असतो. रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी भरवशाची नाही. वारंवार गर्भपात झाल्यावर करतात ती टॉर्च चाचणीही (टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला वगैरे संसर्गांची) इथे उपयोगी नाही. रक्त अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलेलं बरं. बाटल्या प्रयोगशाळेत उबवल्या जातात आणि पहिला अंदाज यायला एक-दोन दिवस लागतात.

इथे एक बारीक पण मोलाची गोष्ट आहे. सूक्ष्मदर्शकाखाली लिस्टेरिया त्वचेवरच्या काही निरुपद्रवी दांडुक्यांसारख्या जंतूंसारखा दिसतो. मागणीपत्रावर काहीच लिहिलेलं नसेल, तर "रक्त घेताना त्वचेवरचं काही मिसळलं असावं" असा शेरा मारून तो बाजूला पडू शकतो. म्हणून कागदावर "गरोदर, ताप, लिस्टेरियाचा संशय" हे शब्द असायला हवेत. डॉक्टरांना तसं लिहायला सांगण्यात गैर काही नाही.

संशय पक्का असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न बघता औषध सुरू करतात. मुख्य औषध म्हणजे शिरेतून मोठ्या मात्रेत दिलं जाणारं ॲम्पिसिलिन, काही वेळा त्याच्या जोडीला जेंटामायसिन. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, कारण पर्यायी औषध गरोदरपणाच्या कोणत्या टप्प्यात द्यायचं याचा वेगळा विचार करावा लागतो. उपचार साधारण दोन आठवडे किंवा जास्त चालतात. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचे नसतात. वेळेवर उपचार मिळालेल्या अनेकींची बाळं निरोगी जन्मली आहेत, म्हणून या धावपळीला अर्थ आहे.

पायरी सहावी: गर्भ गेला तर

हे लिहायला अवघड आहे आणि त्या क्षणी ऐकायला त्याहून अवघड. म्हणून ही जबाबदारी बाईवर न टाकता सोबतच्या माणसाने घ्यावी.

वार फेकू देऊ नका. ती सहसा थेट फॉर्मलिनमध्ये बुडवून पाठवली जाते. फॉर्मलिनने ऊती टिकते, पण जंतू मरतात, आणि मग कल्चर करता येत नाही. त्यामुळे आधीच सांगा: वारेचा एक तुकडा निर्जंतुक कोरड्या डबीत कल्चरसाठी, उरलेली फॉर्मलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, म्हणजे ऊतींच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी. सोबत आईचं ब्लड कल्चर. गर्भाची तपासणी करायला तुमची संमती असेल तर तीही. ताप आलेला होता, गर्भजल हिरवट किंवा गढूळ होतं, अशा वेळी हे आवर्जून करा.

लिस्टेरिया सापडला तर आईलाही उपचार लागतात. अनेक देशांत हा सरकारकडे नोंदवावा लागणारा आजार आहे, त्यामुळे तिथे आरोग्य विभागाकडून कोणी येऊन गेल्या महिनाभरातलं खाणं विचारेल. खरेदीच्या पावत्या आणि फ्रिजमधली उरलेली पाकिटं तोपर्यंत टाकू नका. वेगवेगळ्या रुग्णांमधल्या जंतूंची जनुकीय मांडणी जुळवून एकाच कारखान्यातला पदार्थ शोधून काढता येतो, आणि असे पदार्थ बाजारातून परत मागवले गेले आहेत.

आणि घरच्यांसाठी: "तू ते खाल्लंस म्हणून" हे वाक्य कोणीही उच्चारू नये. तोच पदार्थ घरातल्या सगळ्यांनी खाल्लेला असतो, जंतू दिसत नाही, वास येत नाही, आणि चूक बहुतेक वेळा कारखान्यात किंवा साठवणीत झालेली असते.

बाळ जन्मल्यावर आणि पुढच्या वेळी

बाळ जिवंत जन्मलं तरी लक्ष ठेवावं लागतं. काही बाळांना पहिल्या आठवड्यातच रक्तात संसर्ग दिसतो, तर काहींना पुढच्या काही आठवड्यांत मेंदूच्या आवरणाला सूज येते. दूध न ओढणं, मलूल पडणं, श्वास धापा टाकत घेणं, अंग तापणं किंवा उलट गार पडणं यांत वाट बघत बसायचं नाही. गरोदरपणातल्या तापाची गोष्ट बालरोगतज्ज्ञांना सांगा, कारण प्रसूतितज्ज्ञांच्या कागदांतली नोंद त्यांच्यापर्यंत पोचतेच असं नाही.

पुढच्या गरोदरपणात लिस्टेरिया पुन्हा होणं अगदी क्वचित घडतं. त्यासाठी आधीपासून औषध घ्यायची किंवा दर महिन्याला रक्त तपासायची गरज नसते. मागच्या वेळचा कल्चरचा आणि वारेचा अहवाल फाइलमध्ये ठेवा आणि पहिल्याच तपासणीला दाखवा.